रोह्याच्या गौरीचं काजळ

संग्रहालयात नोकरी करणाऱ्या बाईला ‘वस्तू गावात घेऊन जा’ म्हणणं म्हणजे खुडूक कोंबडीला अंड्यांवरून उठायला सांगणं. वीस वर्षं मी पुण्यातल्या एका लहानशा संग्रहालयात वस्तूंची साफसफाई आणि डागडुजी करते आहे. ऊन लागू नये, दमट हवा लागू नये, कुणाचा हात लागू नये, यातच माझा जन्म गेला. त्यामुळे गणपतीच्या दिवसांत, भर पावसाळी हवेत, सहा वस्तू पत्र्याच्या ट्रंकेत घालून पेणला आणि रोह्याला न्यायच्या असं ठरलं, तेव्हा मी आधी तोंड वाकडं केलं. आता परत आल्यावर सांगते, गेले नसते तर माझ्याच हातून झालेली एक चूक मला जन्मात कळली नसती.

बोलावणं होतं रोह्याच्या दिगंबररावांचं. त्यांचं किराणा मालाचं दुकान आहे आणि आळीतल्या उत्सव मंडळाचं सगळं तेच बघतात. सहा वर्षांपूर्वी त्यांनी घरातला गौरीचा पितळी मुखवटा आमच्याकडे आणून दिला होता. आता पत्र आलं की तो मुखवटा आणि कोकणातल्या आणखी पाच वस्तू गौरीच्या सणाला आणा, लोकांना बघू द्या. पत्रात अटी मात्र वरपक्षाच्या. आधी दोन दिवस पेणला मांडा. पेणमध्ये कुठल्या आळीत ते त्यांनीच ठरवलेलं, तिथल्या मंडळाशी बोलणंही झालेलं. मग गौरी येतील त्या दिवशी दुपारच्या आत रोह्याला या. आणि सगळ्यात शेवटी, ‘गाडीत एक जागा रिकामी ठेवा.’ माणूस भलताच चिकित्सक दिसतोय, असं म्हणून मी पत्र फायलीला लावलं.

पेण, चतुर्थीचा दिवस

गाडी इकबालभाईंची होती. ते रोह्याकडचेच, बारा वर्षं मस्कतला ट्रेलर चालवून आता गावी परत आलेले. ट्रंक चढवताना मी ‘हळू, हळू’ असा जप लावला होता, तेव्हा म्हणाले, “मॅडम, तिकडं मी काच वाहिली हाय, अख्ख्या इमारतीची. तुमची टोपली काय फुटायची नाय.” टोपलीच्या खाली काय काय आहे ते मी त्यांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या प्रत्येक खड्ड्याला मोठ्यानं माझी माफी मागितली.

मला वाटलं होतं पेणला चतुर्थीला पाय ठेवायला जागा नसेल. झालं उलटंच. वर्षभर खपून गावानं गणपती घडवलेले असतात आणि या दिवसापर्यंत ते सगळे आपापल्या घरी गेलेले असतात. कारखान्यांच्या फळ्या रिकाम्या, दारात गवताचे आणि कागदाचे ढीग, आणि माणसं वऱ्हाड गेल्यावरच्या लग्नघरासारखी पेंगुळलेली. पुण्यात आम्ही त्या दिवशी ढोल बडवायला सुरुवात करतो. इथं लोक आरती करून, मोदक खाऊन चक्क झोपले होते.

मंडळाच्या मांडवाशेजारच्या खोलीत मी वस्तू मांडल्या. गौरीचा मुखवटा, मिठागरात मीठ ओढायची लांब दांड्याची फळी, खाडीतल्या मासळीची टोपली, लग्नातलं मुसळ, समई, आणि एक जुना लाकडी पाट. मध्ये पाटी लावली, ‘कृपया स्पर्श करू नये’. दुपारी चारच्या सुमारास मिठागरात काम केलेले एक म्हातारबाबा आले. त्यांनी पाटी वाचली, मान डोलावली आणि फळी उचलून खांद्यावर टाकली.

“अशी धरतात व्हय? ही उभी ठेवलीव तुम्ही. दांडा वाकंल ना,” असं म्हणत त्यांनी खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नसलेलं मीठ ओढून दाखवलं. पाय कसे टाकायचे, पाणी मागं कसं राहू द्यायचं, सगळं. पोरंबाळं जमली. माझा जीव वरखाली होत होता, पण खरं सांगायचं तर वीस वर्षांत ती फळी पहिल्यांदाच मला कळली. संध्याकाळी मी पाटी काढून ट्रंकेत टाकली.

म्हातारबाबा गेले आणि एक पन्नाशीची बाई आत आली. सुती साडी, केसांचा घट्ट अंबाडा, आणि उजव्या हाताच्या बोटांना काळा रंग, धुऊनही न गेलेला. बाकी कशाकडे न बघता ती सरळ मुखवट्यापाशी गेली. हनुवटीवर एक पोचा आहे, त्याच्याकडे वाकून बघितलं. मग शेजारची चिठ्ठी वाचली. चिठ्ठी मीच लिहिलेली होती: ‘डोळ्यांवरील मीनाकाम काळाच्या ओघात गळून गेलेले आहे.’

“मीना?” ती म्हणाली. “कसला मीना गो बाई? इथं काजळ असतं.”

मी म्हटलं, “तुम्हाला कसं माहीत?”

“ह्या पोच्यापासून माहीत हाय. मी सात वर्षांची असताना माझ्याच हातून पडला तो.” तिनं बोट डोळ्याच्या कडेवरून फिरवलं. “कडेला काळं होतं ना? ते कुठं गेलं?”

मला आठवलं. मुखवटा आमच्याकडे आला तेव्हा दोन्ही डोळ्यांच्या खाचेत काळा थर होता, जुना, चिवट. तीन दिवस कापसाचे बोळे फिरवून मी तो काढला होता आणि नंतर सगळ्यांना बोलावून चकचकीत मुखवटा दाखवलाही होता. “मी साफ केलं,” मी म्हटलं. “मला वाटलं, काजळी आहे. मळ.”

“मळ,” ती हळू म्हणाली.  पदर सावरून निघून गेली.

मांडवातल्या पोरांना विचारलं तेव्हा कळलं, ती शैलाताई. त्याच आळीतल्या कारखान्यात गणपतीचे डोळे काढते. माहेर रोह्याचं, दिगंबररावांची सख्खी धाकटी बहीण.

पेण, ऋषिपंचमी

सकाळी मी तिच्या कारखान्यात गेले. माफी मागायची होती, पण कशाची ते नीट कळत नव्हतं. आत नुसत्या फळ्या, आणि कोपऱ्यात सोंड दुखावल्यामुळे राहून गेलेला एकच गणपती. त्याचे डोळे मात्र पूर्ण होते. शैलाताई कुंचले धुऊन वाळत घालत होती.

“बसा,” ती म्हणाली. “काल मी तशीच गेले. राग नका धरू.”

म्हणजे माफी तीच मागून मोकळी झाली. मी आणखीच अवघडले. मग फोन काढला आणि मुखवट्याचे साफ करण्याआधीचे फोटो तिला दाखवले. आम्ही ते नेहमी काढून ठेवतो. तिनं फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि डोळ्यांच्या काळ्या कडा कितीतरी वेळ बघत राहिली.

“हे माझं. ह्याच्या खाली माझ्या आत्याचं. त्याच्या खाली तिच्या आत्याचं,” ती म्हणाली. त्यांच्या घरची रीत तिनं सांगितली. गौर दारात आली की घरची माहेरवाशीण मुखवट्याला काजळानं डोळे काढते. डोळे आले की गौर आली. तिसऱ्या दिवशी तिची पाठवणी, तेव्हा काढणारीनंच दुधाच्या बोळ्यानं डोळे पुसायचे. पण कड ठेवायची. ती पुसायची नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या आत्यांनी राखलेली ती कड मी तीन दिवसांत काढली होती, आणि वर मीनाकाम गळाल्याची चिठ्ठी लिहिली होती. मला रडूच आलं. तिनं उठून माझ्या पुढ्यात ऋषीच्या भाजीची वाटी ठेवली. “खा. बैलाच्या कष्टाचं काय नाय त्यात,” म्हणाली. अळू, भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे. पुण्यात आमच्याकडे हीच भाजी करतात, पण इतकी चिंच मी पहिल्यांदाच खाल्ली.

खाता खाता मी विचारलं, “मग मुखवटा घरातून गेला कसा?”

“डोळे काढणारी नाय राहिली. दादाला दोन्ही मुलगेच.” मग ती म्हणाली, “मी अकरा वर्षं गेले नाय.”

अकरा वर्षांपूर्वी तिची आई वारली ती श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात. पेणच्या कारखान्यांत त्या दिवसांना ‘डोळ्यांचे दिवस’ म्हणतात. मूर्ती तयार असतात, गाड्या दारात उभ्या असतात आणि सगळं अडतं ते डोळ्यांपाशी. डोळे काढणारी एकदा बसली की उठत नाही. आई आठ दिवस अंथरुणाला खिळून होती आणि शैलाताईला कुणी कळवलं नाही.

“दादाचा फोन आला तो सगळं आटोपल्यावर. मला तोंड नाय दिसलं आईचं. मी हजारांना डोळे दिले बाई, आणि मला डोळेभर बघू नाय दिलं.” ती पुन्हा कुंचल्यांकडे वळली. “रागात बोलले, तुझ्या दारात पाय ठेवणार नाय. तोही नाय आला न्यायला. बोलावल्याशिवाय माहेरवाशीण जाते का?”

मला एकदम बरोबर आणलेल्या फायलीतलं पत्र आठवलं. धावत गेले आणि घेऊन आले. ‘याच आळीत मांडा.’ ‘गौरी येतील त्या दिवशी दुपारच्या आत रोह्याला या.’ ‘गाडीत एक जागा रिकामी ठेवा.’ तिनं पत्र दोनदा वाचलं. माझ्याबरोबर आलेले इकबालभाई दारात उभे होते. ते माझ्या आधी बोलले.

“मॅडम, आपण प्रदर्शनवाले नाय. आपण मुराळी हाव.”

सासरच्या मुलीला माहेरी आणायला पाठवतात त्या माणसाला मुराळी म्हणतात, हे मला पुस्तकातून माहीत होतं. आपणच कुणाचे तरी मुराळी होऊ, तेही नकळत, असं कधी वाटलं नव्हतं. शैलाताईनं पत्राची घडी केली. “अक्षर दादाचंच हाय,” एवढंच म्हणाली. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

रोह्याच्या वाटेवर

तिसऱ्या दिवशी नऊला निघायचं होतं. आम्ही साडेनऊपर्यंत थांबलो. कारखान्याला कुलूप होतं. इकबालभाईंनी तीनदा हॉर्न वाजवला, मग माझ्याकडे न बघता गाडी सुरू केली. मी ट्रंकेवर हात ठेवून बसले होते आणि मनात दिगंबररावांना काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होते.

हमरस्त्याच्या नाक्यावर, एका बंद टपरीच्या पत्र्याखाली ती उभी होती. हातात पिशवी आणि छत्री.

“आळीतनं सगळ्यांसमोर गाडीत चढायचं नव्हतं,” चढता चढता ती म्हणाली. “उद्या परत आले तर लोक विचारतील.”

डोलवीजवळ कंपनीच्या बसगाड्यांमागे अडकलो. पुढे दोन्हीकडे भात कमरेएवढा उभा आणि डोंगर ढगात. मी बाहेर बघत होते, ती घड्याळात. गौर दीडच्या आत घरात घ्यायची होती. आणि खांब गावाशी येताच मागचं चाक बसलं.

इकबालभाई चिखलात गुडघे टेकून जॅक लावू लागले. आम्ही दोघी समोरच्या हॉटेलात चहा-वडा घ्यायला गेलो. तिनं चहा घेतला नाही. “हे बरंच झालं म्हणायचं,” ती पुटपुटली. “उशीर झाला की परत जायला कारण मिळंल.” मला राग आला. माझा स्वभावच तसा आहे, ओळख दोन दिवसांची असली तरी मी भांडते. म्हटलं, “शैलाताई, ज्या माणसानं संग्रहालय पेणपर्यंत हलवलं, त्याच्या दाराशी निदान उभ्या तरी राहा. मग परत जा, मी स्वतः सोडते.” ती पहिल्यांदा हसली. “पुण्याची माणसं लई बोलतात,” म्हणाली, आणि माझा उरलेला वडा खाल्ला.

रोहा

एकला दहा मिनिटं कमी असताना पोचलो. आळी स्वच्छ सारवल्यासारखी धुतलेली, दारोदार हळदीकुंकवाची पावलं. दिगंबरराव दारावर आंब्याची पानं बांधत स्टुलावर उभे होते. साठीचे, बारीक, बनियन घातलेले. त्यांनी आधी मला पाहिलं, मग माझ्या मागे.

“आलात का? रस्ता कसा होता?” त्यांनी मलाच विचारलं. पानं बांधून झाली होती, तरी ते गाठी मारत राहिले.

शैलाताई पायरीखाली उभी होती. एक पाऊलही पुढे टाकीना.  तेवढ्यात आतून दिगंबररावांच्या बायको, सुमनवहिनी आल्या. एका हातात तेरड्याची जुडी, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या आणि भाकरीचा तुकडा. त्यांनी तेरडा शैलाताईच्या हातात दिला, तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं आणि म्हणाल्या, “किती वेळ उभी ठेवतीस गो गौरीला? चल आत.”

उंबऱ्याच्या आत पाट मांडला होता. मी मुखवटा काढून दिला. आमच्या नियमावलीत लिहिलं आहे की वस्तूवर कोणताही पदार्थ लावू नये. दिगंबररावांना ते माहीत होतं, कागदावर त्यांची सही होती. त्यांनी खाली बघतच विचारलं, “मॅडम, काजळ लावलं तर चालंल?” मी म्हटलं, “नियम मीच लिहिलाय, मीच मोडते.”

वहिनींनी काजळाची डबी आणली. “आज सकाळी धरलंय का?” शैलाताईनं विचारलं.

“दरवर्षी धरते,” वहिनी म्हणाल्या. “मुखवटा गेला तरी धरते. न जाणो, आलीस तर.”

शैलाताईनं काडीला कापूस गुंडाळला. पूर्वी तिची आई शेजारी दिवा धरायची, हे तिनं गाडीत सांगितलं होतं. तिथं दिगंबरराव निरांजन घेऊन बसले. पेणला तिनं मला सांगितलं होतं की डोळ्याची रेघ एका श्वासात ओढायची असते, मध्ये श्वास घेतला की रेघ हलते. उजवा डोळा तसाच आला, एका दमात, आणि पितळेचा तो तुकडा माझ्यासमोर कुणीतरी झाला. डाव्याला मात्र तिला श्वास धरवेना. हुंदका आला आणि रेघ वाहवली. डावा डोळा उजव्यापेक्षा मोठा झाला.

“पुसते,” ती म्हणाली. “परत काढते. माझा हात असा कधी जात नाय.”

“राहू दे,” दिगंबरराव म्हणाले. अकरा वर्षांत बहिणीशी बोललेला हा त्यांचा पहिला शब्द. “आत्याचा पण डावा मोठाच व्हायचा.”

मग निरांजन खाली ठेवून ते बोलायला लागले, ते थांबेनात. आईनं शपथ घातली होती. शैलीचे डोळ्यांचे दिवस हायेत, तिच्या हातात दुसऱ्यांचे देव हायेत, तिला उठवू नको. “मी ती शपथ मोडायला पायजे होती. रोज वाटतं. आईचं ऐकलं आणि तुझं तोंड बघायची लाज वाटली. न्यायला कसा येऊ?”

“यायचंस,” शैलाताई म्हणाली. “शिव्या दिल्या असत्या आणि आले असते.”

आम्ही बाकीचे स्वयंपाकघरात गेलो आणि उगाचच भांडी घासली. घासलेलीच होती ती.

त्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला. दुसऱ्या दिवशी मात्र मी चाट पडले. आमच्याकडे गौरीपुढे सोळा भाज्या आणि पुरणपोळी. इथं गौरीला कोंबडी-वडे. “माहेरी आलेल्या पोरीला काय नुसती भाजी घालायची?” वहिनी म्हणाल्या. मी तीन वडे खाल्ले. इकबालभाई आपल्या घरून सगळ्या कुटुंबाला घेऊन आले आणि टोपली, मुसळ, फळी त्यांनीच पोरांना समजावून सांगितली, मला तोंड उघडू न देता. दुपारी बायकांच्या फुगड्या सुरू झाल्या. शैलाताई आणि वहिनी इतक्या जोरात फिरल्या की ट्रंकेला धडकल्या, आणि पोचा माझ्या ट्रंकेला आला.

तिसऱ्या दिवशी शैलाताईनं दुधाच्या बोळ्यानं डोळे पुसले. कड ठेवली. बोट लावून मला दाखवली, म्हणाली, “आता हे मळ नाय हां.” तेरडा कुंडलिका नदीत सोडून माणसं परतली तेव्हा मी मुखवटा मऊ कापडात गुंडाळत होते. कड पुसली जाऊ नये म्हणून डोळ्यांवर कापड टेकू दिलं नाही. चिठ्ठी फाडून टाकली होती. नवी अजून लिहिली नव्हती. 

वस्तू परत दिल्याच्या कागदावर दिगंबररावांची सही घेतली. विचारलं, “पुढच्या वर्षीही आणू ना? पेणमार्गे? एक जागा रिकामी ठेवून?”

“मुखवटा आणा मॅडम, जरूर आणा. थेट रोह्याला आणा,” ते म्हणाले. शैलाताई ओट्यावर वहिनींबरोबर पिशवी भरत होती, नको नको म्हणत होती आणि वहिनी ऐकत नव्हत्या. दिगंबररावांनी तिकडे एकदा बघितलं आणि टोपी डोक्यावर नीट बसवली.

“पेणला तुम्ही थांबायला नको. तिला आणायला मी जातो.”